सासूचा तवा

तडा गेला तेव्हा नेस्टा, माझी सासू,
तव्याशी बोलली नाही, माझ्याशीही नाही.
चाळीस वर्षं ओटच्या भाकऱ्या भाजून
मधे खोलगट झालेलं ते काळं बीड
तिनं गोणपाटात बांधलं. म्हणाली,
घेऊन जा तुझ्या तळ्यावर. वजनावर घेतात ना?

घेतात. कमी तोलतात, पण घेतात.

आमलूखच्या वरच्या अंगाला
डोंगर खपली धरल्यासारखा दिसतो, तिथे आमची तळी.
दगडी, चौकोनी, कमरेइतकी खोल.
खाणीतून झिरपलेलं निळं पाणी त्यात तुंबवतात
आणि आम्ही टाकतो मिळेल ते लोखंड:
मोडके फाळ, पिंपांचे पट्टे,
लिव्हरपूलहून जहाजात आलेला कुणाच्या तरी जिन्याचा कठडा,
एकदा तर अख्खा पलंग
(पितळी गोंडे आम्ही आधीच काढून घेतले).

त्या मंगळवारी तवा.

हेझलडीन तपासनीस पाणी जिभेला लावतो, थुंकतो, सांगतो:
ह्या पाण्यात तांब्याचं बिऱ्हाड आहे, डोर्टी.
लोखंड आलं की तांबं उठतं, तळाशी जाऊन बसतं.
जो जास्त उतावळा, त्याला जागा.
भांडण नाही, नोटीस नाही.

माझ्या बापाला नोटीस आली होती.
इंग्रजीत. वाचायला चॅपलमधून माणूस आणावा लागला.
जमीनदाराला तिथे मेंढ्या हव्या होत्या.
मेंढ्या काही आमच्याहून उतावळ्या नव्हत्या.
हे मी हेझलडीनला म्हटलं नाही,
दाताळं उचललं.

सहा आठवडे लोखंड उलटंपालटं करायचं.
अंगावर लाल साय धरते; ती खरवडली नाही
तर आतलं लोखंड कामाला लागत नाही.
बारीक बुडबुडे येतात, ते तांब्याचे नव्हेत.
पाण्यातलं आम्लही लोखंड खातं
आणि बदल्यात नुसती हवा सोडतं.
कागदावर म्हणे लोखंडापेक्षा तांबं वजनाला थोडं जास्तच भरतं.
कागदावर.

तव्याची आधी कड गेली.
मग एके सकाळी दाताळ्याला त्याचा आकार लागला,
पुरा गोल, कानासकट. हात घालून उचलला
तर बोटांत कुस्करला, शिसपेन्सिलीसारखा काळा, मऊ.
लोखंड निघून गेलं होतं, भाजणं तेवढं उरलं होतं.

पाणी तोवर हिरवं झालेलं.
मी पदराच्या गाठीसारखी बांधलेली रुमालाची गाठ सोडली,
तांब्याचं एक नाणं काढलं, हिरव्या पाण्यात सोडलं
आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत काठावर बसून राहिले.

काही झालं नाही.
हेझलडीन मागे उभा होता. उलटं होत नाही, तो म्हणाला,
चेष्टेनं नव्हे.
मी बाही वर करून नाणं काढून घेतलं.
तेवढ्यात दोन बटाटे येतात.

लाल गाळ वाळवला, पोत्यांत भरला, बंदरावर गेला.
कुठल्याशा जहाजाच्या बुडाला त्याचा पत्रा ठोकतील.
रात्री नेस्टानं माझा हात दिव्याशी ओढला,
नखांतली लाली बघितली.
हा?
हा.
तिनं आपल्या नखानं थोडी कोरून काढली,
वास घेतला, आणि चुलीकडे वळली.

नवा तवा चांगला आहे, जड आहे.
अजून भाकरी सोडत नाही.