परत आलेले डबे

करमाडहून शेंद्र्याला स्कूटीवर सतरा डबे,
त्यातले दोन परदेशी.
कोरियाच्या नोहसाहेबांच्या झाकणाला लाल दोरा.
अमेरिकेच्या वेस्लीला दोरा नको होता,
त्यानं मार्करनं नाव लिहिलं, दोन्ही बाजूंनी.

माणूस जेवताना कसा दिसतो ते मला ठाऊक नाही.
मला परत आलेला डबा कळतो.

वेस्लीचा कप्प्याकप्प्यानं संपतो.
आधी भाजी, मग वरण, मग नुसता भात.
एकाचा डाग दुसऱ्याला नाही.
भाकरी दुमडून त्यात बटाटा घालतो,
उभ्या उभ्या खातो, मशीनकडं बघत,
असं वॉचमन इद्रिसमामू सांगतात.
ठेचा तसाच परत. सोबत चिठ्ठी: सॉरी.
चटणीसाठी कुणी माफी मागितली,
माझ्या संसारात पहिलीच वेळ.

नोहसाहेबांचा डबा म्हणजे पंगत उठल्यावरची जागा.
सगळं सगळ्यात गेलेलं.
भात चमच्यानं, भाजी काड्यांनी,
येसराची आमटी वाटी तोंडाला लावून,
भुरका शेडबाहेर ऐकू येतो म्हणे.
एकदा त्यांनी घरची कोबी दिली, मुरलेली, लालभडक.
स्कूटीची डिकी आठवडाभर उघडी ठेवावी लागली.
सासूबाईंनी बोट लावून पाहिलं. मनल्या,
"आपल्या लोणच्याची चुलत बहीण हाय.
लसूण मातर सख्खा."

वेस्लीनं दिली शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी.
गोड! शेंगदाणा, आन् गोड?
तिखट, मीठ, जिरं घालून उखळात घेतलं,
त्याच्याच डब्यात धाडलं.
वाटी रिकामी आली. चिठ्ठी नव्हती.

शनिवारी लाइट गेली, लाइन बंद पडली.
दोघं पहिल्यांदाच एका पुठ्ठ्यावर बसले.
नोहसाहेबांनी भाजी मधोमध सरकवली.
वेस्लीनं आपला डबा जवळ ओढला,
थोडं थांबला, मग सोडला.
तरी कुणी सुरू करेना.
नोहसाहेब वडीलधाऱ्याच्या पहिल्या घासाची वाट बघत होते,
आणि वडीलधारे इद्रिसमामू, त्यांना रोजा.
"खाव बाबा," मामू हसले, "रोजा मेरा है, तुम्हारा नई."

मी डबे गोळा करत होते.
नोहसाहेबांनी मान वर करून विचारलं, "जेवला का?"
लाइनवरच्या पोरांकडून शिकले असतील,
बाप्याला विचारतात तसंच विचारलं.
मी मनलं, हो.
तीन वाजले होते.
घरी सासरे, मग लेकरं, मग सासूबाई, मग भांडी.

वेस्ली काही बोलला नाही.
निघताना हुकाला कागदाची पुडी दिसली:
दुमडलेली भाकरी, आत बटाटा,
आणि कडेला, बोटभर, ठेचा.

करमाडचं रेल्वे गेट पडलेलं.
मी स्कूटीवर बसल्या बसल्या पुडी सोडली.
गेट उघडलं, मागचा ट्रक हॉर्न देतच राहिला.
माझ्या तोंडात घास होता.