बुटक्याचं माप

फॉरफारच्या बाहेर, बटाट्यांच्या रिकाम्या गोदामात,
मंगळवारी सातला दिवे लागतात.
कोपऱ्यांत अजून माती आहे,
तिचा थंड वास, आणि वर अंथरलेल्या काळ्या रबराचा.
मी दारातच. हातात पट्टा,
पट्ट्याच्या टोकाला टर्निप:
एक वीत चार बोटं उंच,
एक कान उभा, एक पडलेला,
आईबाप कोण, हे त्यालाही ठाऊक नाही.

मला वाटलं होतं, आल्या आल्या चेंडू मिळेल.
चार अडथळे ओलांडायचे, पेटीवर झेप घ्यायची,
फळी दबते, चेंडू उसळतो, तो तोंडात धरायचा,
पोहणारा भिंतीला पाय लावून वळतो तसं वळायचं
आणि तेच चार अडथळे उलटे.
सगळं वाचून आलो होतो.
मॉर्व्हेन म्हणाली, "चेंडू खिशात ठेवा.
पेटीचं महिनाभर नाव काढू नका.
आज नुसतं पळायचं."
"त्यानं?"
"तुम्ही."

तिने टर्निपला छातीखालून धरलं.
मी पाठ फिरवून पळायचं, पळता पळता हाक मारायची.
एवढंच.

मी आर्ब्रोथच्या बंदरावर रात्रपाळी करतो, बावीस वर्षं.
तिथे हाक लागत नाही,
टॉर्च हलवला की माणसांना कळतं.
घरातही कुणाला मोठ्याने बोलावल्याचं आठवत नाही.
निघून जाणाऱ्यांनाही नाही.

चार पावलं चालल्यासारखा पळलो
आणि म्हणालो, "टर्निप,"
बँकेच्या खिडकीवर खाते क्रमांक सांगावा तसं.
तो बसला.
मॉर्व्हेनच्या बुटावर बसून कान खाजवू लागला.

पलीकडच्या पट्टीत फर्गस मकराय,
सत्तरी ओलांडलेली, एक गुडघा नवा,
आपल्या कोलीसाठी असा किंचाळत होता
की छपरातली कबुतरं उठली.
हातात मेंढीच्या कातड्याचा तुकडा, ओठांवर थुंकी,
लाज बहुधा गाडीतच ठेवून आलेला.
कोली आली म्हणजे काय, सुटली.
तिच्या नखांखाली रबर करकरलं.

"नाव कुत्र्याला कळतं," मॉर्व्हेन म्हणाली,
"तो तुम्हाला हवाय का, ते कळायचं राहतं."
सहज म्हणाली, बाहीला नाक पुसत.
आणि पुन्हा त्याला धरलं.

दुसऱ्यांदा तो अर्ध्यात आला, बटाट्याचा वास घेत थांबला.
तिसऱ्यांदा फर्गसकडे गेला.
चौथी वेळ मोजत नाही.
पाचव्यांदा माझ्या घशातून जे निघालं
ते ना नाव होतं ना शब्द,
गंजलेल्या बिजागरीवर समुद्रपक्षी बसल्यासारखं काहीतरी,
आणि मी हातातला जुना मोजा फडकवत धावलो,
कोट उघडा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
मागे बघायचं नाही, असं बजावलं होतं.
बघितलं नाही.
टकटकटकटक ऐकू आलं.
मग मोज्याला हिसका.
हिसक्याच्या टोकाला तो, गुरगुरत, चारही पाय हवेत.

नंतर मॉर्व्हेन मापाची काठी घेऊन आली.
मी आधीच माफी मागितली: लहान आहे हो, जमेल तेवढं.
ती गुडघ्यांवर बसून काठीकडे दोनदा बघत राहिली.
"फर्गस!" ती ओरडली. "इकडे ये, बघ तरी!"
चौघांच्या संघात जो सगळ्यांत बुटका
त्याच्या मापाने चौघांचे अडथळे लागतात.
त्यांची म्हातारी टेरिअर गेल्या हिवाळ्यात थकली,
तेव्हापासून कोल्यांना उंचच उंच उड्या.
फर्गस कष्टाने वाकला, नवा गुडघा सांभाळत,
आणि टर्निपचा पंजा हातात घेऊन हलवला,
नव्या डॉक्टरशी गावाने करावी तशी ओळख.
मला म्हणाला, "पुढच्या मंगळवारी याला उपाशी आणा,
आणि घसा शेकून या."

त्या रात्री धक्क्यावर वारा नव्हता.
दोनच्या फेरीला, शेवटच्या दिव्याखाली,
आजूबाजूला कुणी नाही असं बघून
मी सरावासाठी एकदाच हाक मारली. पोटातून.
चौकीच्या खिडकीत एक कान उठला.
आणि अंधारात बांधलेल्या मासेमारी बोटीवरून
कुणीतरी झोपेतच ओरडलं, "आलो, आलो!"