एक्क्याण्णव

कोपरखैरण्याच्या पंपावर
नळी हातात धरून पोरगी विचारते,
"मॅडम, साधं की पंच्याण्णव?"
मागे रिक्षावाला हॉर्न दाबतोच आहे.

पप्पा दर वसुबारसेला हिला महागडं पाजायचे.
"वर्षभर राबते बिचारी," म्हणायचे,
आणि मीटरचे आकडे पळताना बघत राहायचे.

तुर्भ्याचा विल्फ्रेड मिस्त्री हसायचा :
"गुप्तेसाहेब, महाग म्हणजे ताकद नव्हे.
आकडा सांगतो, दाब किती सोसेल.
ठिणगीच्या आधीच पेटलं
तर इंजिन आतून टकटकतं, एवढंच.
या म्हातारीचा दाब तो केवढा!
एक्क्याण्णव पुरे."

पप्पांना पटायचं.
वसुबारसेला पुन्हा पंच्याण्णव.

शेवटच्या महिन्यात, वाशीच्या वॉर्डात,
ते कुणावरही भडकले नाहीत.
भडकायचो ते आम्हीच,
लिफ्टमध्ये, बिलाच्या खिडकीपाशी,
ठिणगी कुठेच नसताना.

टाकीच्या झाकणाआत स्टिकर आहे,
अर्धा पुसलेला : नऊ, आणि पुढे काहीतरी.

"साधं," मी म्हणते. "पाचशेचं."
पोरगी शून्य दाखवते,
नळी टाकीत घालते.

"थांब गं.
आज वसुबारस ना?"