अकरा महिने

आठळ्या मिठाच्या पाण्यात उकडून खाल्ल्या.
एक ओट्याखाली घरंगळली असणार;
केर काढताना सापडली तेव्हा
तिनं टोक बाहेर काढलं होतं,
पांढरं, किंचित वाकडं,
बेल वाजल्यावर दार किलकिलं करून
कोण आलंय बघावं, तसं.

मी लॅबमध्ये असते, सिंहगड रोडला.
दिवसभर लोकांच्या रक्तावर नावं चिकटवते.
सवयीनं हिलाही लावलं लेबल,
दह्याच्या डब्यावर:
नाव फणस. वय नऊ दिवस.
रिपोर्ट बाकी.

डबा पुरेना. मग डिस्टेंपरची बादली,
तळाला तापल्या सळईनं पाडलेली भोकं,
लेबल सोलून तिच्यावर.
आई लांज्याहून फोनवर:
"बादलीत फणस? अगो, तो खाली किती जातो
ठाऊक आहे ना?"
म्हटलं, खाली चार मजले आहेत की.

त्यातल्या तिसऱ्यावर ठकारबाई.
त्यांच्या कुरडयांवर आमचं पाणी ठिबकलं,
तेव्हा त्यांनी मला नाही,
झाडालाच सुनावलं, मान वर करून.

करारात होतं: खिळा ठोकायचा नाही,
प्राणी पाळायचा नाही.
झाडाबद्दल काही नव्हतं.
तीनदा वाचला.

मग एका रविवारी टेम्पो. धायरी ते आंबेगाव.
बादली उचलेना.
भोकातून मुळं बाहेर येऊन
फरशीच्या सांध्यात शिरली होती,
केसांएवढी, पण धरून.
कात्रीनं कापली. आवाज झाला नाही.
केंजळ्यांनी डिपॉझिटमधून पाचशे कापले,
"बाल्कनीत गोल डाग."

सादिकभाईंनी फ्रिज उभा बांधला,
गाद्या, शिलाई मशीन,
आणि बादली स्वतःच्या पायांशी, पुढे.
कात्रज चौकात सिग्नलला विचारलं,
"फळ कधी?"
आठ वर्षं. कदाचित.
त्यांनी आरशात मागच्या सामानाकडे पाहिलं,
बोटं मोजली स्टिअरिंगवर.
"म्हणजे अजून सात घरं."

इथली बाल्कनी पश्चिमेला.
पहिल्या आठवड्यात पाच पानं गळली.
मी देठ नखानं खरवडते रोज,
आत हिरवं आहे का बघायला.
आज आहे.
लेबल पाण्यानं धुऊन गेलंय;
नाव गेलं, वय गेलं.
"बाकी" तेवढं वाचता येतं.