तीन नंबरचं मशीन

मार्च लागला की माझ्याकडे अंडी येतात.
म्हणजे अंडी फुटलेले शर्ट, पिठाने लडबडलेल्या बाह्या,
शिळ्या मासळीचा वास मारणाऱ्या पँटी.
वाल्दिव्हियात पहिल्या वर्षाच्या पोरांना मेचोन म्हणतात.
वरच्या वर्गातले त्यांना असे न्हाऊ घालतात,
बूट काढून घेतात,
आणि पुलावर नाणी मागायला उभं करतात,
आपलेच बूट सोडवून आणण्यासाठी.

मी वसतिगृहाच्या तळघरात. एकोणीस वर्षं.
चार मशीन, एक इस्त्री, एक खिडकी.
खिडकीतून नुसते पाय दिसतात.
पोरं मी पायांवरून ओळखते.

रायेन अनवाणी आली.
शर्ट पुढे करून म्हणाली, गरम पाण्यात टाका.
म्हटलं, बाई, अंड्याला गरम पाणी लावलंस
तर ते सुतात शिजून बसेल, जन्मभर.
गार पाणी. आणि वाट बघायची.
बसली वाट बघत.
लोंकिमायची, म्हणाली. तिकडे डोंगरात बर्फ पडतं,
याहून जास्त मला काही ठाऊक नाही.
मशीन फिरलं तसं आत काहीतरी खडखडलं:
खिशात पिन्योन होते,
तिकडच्या झाडाच्या लांबट बिया, उकडून खातात.
निघताना आईने मूठभर कोंबलेल्या.
सहा होत्या, म्हणाली, मोजल्या होत्या मी.
पाच सापडल्या.

मग एप्रिल, मे.
कपडे काही लपवत नाहीत.
येर्कोच्या उशीवर आठवडाभर वाइन,
मग आठवडाभर काहीच नाही, मग येर्कोच नाही.
बसने पुंता आरेनासला परत गेला, चादर माझ्याकडेच राहिली.
रायेनच्या खिशातून रसायनशास्त्राचा पेपर निघाला,
कागदाचा लगदा झालेला,
आकडा तेवढा धड:
सातपैकी दोन.

जूनमध्ये ती रात्री यायला लागली,
कपडे न घेताच.
वाळवणाच्या मशीनला पाठ टेकून बसायची.
मी विचारलं नाही.
विचारलं की पोरं म्हणतात, बरं आहे,
आणि "बरं आहे" हा डाग कशानेच निघत नाही.
मी मोजे जोडत राहायचे.
ती कधी एखादा उचलून द्यायची. चुकीचाच.

घोंगडीचं मला आंतोनेलाकडून कळलं, तिच्या खोलीतली.
नाक दाबून सांगत होती:
मावशीने विणलेली, धुराची, मेंढ्यांची,
उशाला घेऊन झोपते, धुवायला देत नाही,
तुम्ही तरी सांगा.
मी कशाला सांगू?
माझ्या नवऱ्याचा स्वेटर माझ्याकडे तसाच आहे.

ऑक्टोबरात तिने स्वतःच आणली.
खिडकीतून पाय दिसले. आले, थांबले, मागे गेले, पुन्हा आले.
वास जाईल?
जाईल.
सगळा?
म्हटलं, मशीनमध्ये नको, लोकर आटेल. घमेल्यात धुऊ.
चार हात, गार पाणी.
पाणी आधी कडक चहासारखं झालं,
मग पाहुण्याला देतात तसल्या फिक्या चहासारखं,
मग नुसतं पाणी.
तिने ओली घोंगडी नाकाशी धरली,
बराच वेळ.
कशाचाच वास येत नाही, म्हणाली.
मी साबण मांडायचं निमित्त करून पाठ फिरवली.

थोड्या वेळाने माझ्या पाठीला म्हणाली,
आता हिला इथला लागेल.
लागेल म्हटलं. लोकर रिकामी राहत नाही.

परत मार्च आलाय.
खिडकीत काल दोन पाय दिसले, अनवाणी, पिठाने पांढरे,
आणि मागे दोन बूट, उजव्याची नाडी सुटलेली.
ती नाडी मी ओळखते.
दारातूनच ती त्या पोराला सांगत होती,
गार पाणी. गरम नाही, गार.
माझं वाक्य, माझ्याच तळघरात,
माझ्या आधी.
रसायनशास्त्र अजून राहिलंय तिचं. विचारलं मी.
हसली, म्हणाली, बरं आहे.

पोराचा शर्ट तीन नंबरमध्ये टाकला.
खड, खड, खड.
मेकॅनिक दोनदा म्हणालाय, खोलून काढतो आत काय अडकलंय ते.
म्हटलं, चालतंय ना?
मग राहू दे.