बादलीत फोल्डर नसतात

शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत सर्व्हर
तळमजल्यावर होता, जिन्याखालच्या खोलीत.
पुराचं पाणी हायवेवर आलं त्या आठवड्यात
तोही कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला,
आणि ओसरल्यावर त्याच्या पोटातून
मी चमचाभर पंचगंगा ओतून टाकली.

मालक म्हणाले, आता सगळं वर ठेवा.
वर म्हणजे पोटमाळ्यावर नव्हे.
वर म्हणजे वर.

मग मी एक बकेट भाड्यानं घेतली.
गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीखाली धरतात ती नव्हे,
तरी तवनाप्पांनी विचारलंच,
"किती लिटरची?"
म्हटलं, तिला काठ नाही.
"मग बिल कसं करत्यात?"
म्हटलं, महिन्याला. आणि बाहेर काढताना वेगळं.
"म्हंजे म्हैस आपली, दूध आपलं,
आणि पेल्याचं पैसं त्याला."

त्या बादलीत फोल्डर नसतात
हे मी कुणालाच सांगितलं नाही.
पंप, तिरकी रेघ, केसिंग, तिरकी रेघ, सहा इंची:
ही वाट नव्हे, एक लांबलचक नाव आहे नुसतं,
बाप, आजा, भावकी धरून लिहिलेलं.
मधल्या रेघा बघून आपणच
सोपा, माजघर, परसू धरून चालतो.
नाव बदलायचं तर वस्तू नवी करा, जुनी पुसा.
एक आकडा सुधारायचा तरी
आख्खी वस्तू पुन्हा वर चढवा.
आमच्या बिडासारखंच की;
साच्यातून निघालेल्या नगाला
मधूनच टाका घालता येत नाही.

मी तिच्यावर झेड ड्राइव्हचा मुखवटा चढवला.
तोच पिवळा फोल्डर, तीच जागा.
सुलक्षणा म्हणाली, "काहीच बदललं नाही की, सर."
शाबासकी समजून ते वाक्य मी खिशात घातलं.

जुन्या सर्व्हरला एक खोड होती.
एकानं ड्रॉइंग उघडलं की दुसऱ्याला कुलूप दिसायचं
आणि हॉलभर हाळी उठायची:
"तवनाप्पा, सोडा की ती फाईल!
जेवायला गेलासा तरी धरूनच ठेवलीसा!"
दिवसातून सहा-सात वेळा.
मला वाटलं, ही कटकट तरी पुरात गेली.

मंगळवारी तवनाप्पांनी
भिंतीची जाडी आठाची नऊ केली.
त्याच घडीला पलीकडच्या शेडमधून
दस्तगीर मुजावर त्याच ड्रॉइंगात
एका भोकाचा व्यास सुधारत होता.
दोघांनी सेव्ह केलं.
दोघांनाही उत्तर आलं, झालं म्हणून.
जो मागून पोचला तो राहिला.
बादलीनं कुणाला हाळी दिली नाही.

बावीस केसिंगा आठनं ओतल्या गेल्या.
टेस्ट बेंचवर दाब चढवला
तर पाचव्या नगाला घाम फुटला.

"मी नऊ केलं हुतं," तवनाप्पा एकदाच म्हणाले,
चष्मा पुसत.
"मला आठच दिसलं, अल्लाशप्पथ," दस्तगीर म्हणाला.
दोघंही खरं बोलत होते.
पिवळा फोल्डर माझा होता.

जुन्या आवृत्त्या राखायची सोय
मी पहिल्याच दिवशी चालू केली होती.
त्यात नऊ सापडलं:
मंगळवार, अकरा वाजून चौदा मिनिटं.
त्याच्या डोक्यावर, मिनिटभरानं, आठ.
मी ते छापून दाखवलं. कुणी हातात घेतलं नाही.
बीड आवृत्त्या राखत नाही.
ते भट्टीत परत गेलं.

आता मध्ये एक यंत्र बसवलंय, पहिल्या मजल्यावर.
ते कुलूप लावतं, रांग लावतं,
बादलीशी त्याचं ते बोलतं.
तवनाप्पांनी ऐकून घेतलं, मान हलवली,
आणि पॅटर्न स्टोअरमधला एक पितळी बिल्ला
माझ्या टेबलामागच्या खिळ्याला अडकवला.
ज्याच्या हातात बिल्ला, त्यानं लिहायचं.

काल तो बिल्ला दस्तगीरच्या खिशातून
कागलला गेला, घरी.
यंत्र चालू होतं, कुलूप उघडं होतं.
सकाळी तो येईपर्यंत
केसिंगच्या ड्रॉइंगला कुणीही हात लावला नाही.