कटती

आमचा काटा दहा-दहा किलोनंच हलतो.
साठ टनाचा आहे, ट्रकांसाठी.
मुनाफ पहिल्यांदा त्याच्यावर उभा राह्यला
तेव्हा लाल आकड्यात चाळीस आलं.
"पन्नास करा की काका," म्हणला, "पोरी हसतील."

रज्जाक हमालाचं पोरगं. दहावी नापास, गणितात.
आजा त्याचा मानवतात गल्लोगल्ली गाद्या पिंजायचा.
ती धनुकली अजून भिंतीला आहे,
तात छेडली की तुंई... तुंई...
त्याच्यावरच म्हणे ह्यानं ठेका बांधला.

मार्चात जिनिंग थंडावलं की दुपारचा यायचा.
"गोदामात जाऊ द्या. कापसात आवाज घुमत नाही."
मी तीस वर्षं कापसात, मला हे ठाऊक नव्हतं.
जाऊन उभा राह्यलो, खोकलो.
खोकला तिथंच पडला, पायाशी.

काच फुटलेला मोबाइल सरकीच्या पोत्याला टेकवून
तो भरभर बोलायचा, आमच्याच बोलीत,
कामून, लई, जायलाव, हौ, नक्को.
शिव्या वाटल्या होत्या त्यापेक्षा कमी.
मी बाहेर स्टुलावर, मालकाची गाडी येते का बघत.

मग तो तुकडा आला:

काटा सांगे आठ, पावतीवर सात,
मधला एक क्विंटल गेला कोणाच्या घशात?

चार दिवसांत तीन लाख. आठव्या दिवशी अकरा.
आकडे वाचणं माझं काम,
पण ह्या आकड्याच्या पुढं ना किलो होतं ना टन.
परभणीच्या बसस्टँडवर पोरं म्हणायली,
पाथरीच्या कॉलेजात पोरी.
पुण्याहून फोन आला. रज्जाकनं उचलला,
"राँग नंबर" म्हणून ठेवला. दोनदा.

आता सांगायचं ते हे, की
ओलीची कटती मीच मारतो.
क्विंटलला दोन किलो. सबंध क्विंटल कधीच नाही.
हे त्याला बोललो तर म्हणला,
"काका, दोन किलो यमकात बसंना."

मालकानं विचारलं, गोदाम कोणी उघडलं?
म्हणलो, कुलूप ढिलं आहे.

नोव्हेंबरात ट्रॅक्टरची रांग लागली,
कोल्ह्याचा, रुढीचा, रामपुरीचा कापूस.
पावती हातात पडल्यावर कोणी भांडत नाही आता.
एकजण नुसतं गुणगुणतो, काटा सांगे आठ,
आणि मागच्या ट्रॅक्टरवरचा पुढची ओळ म्हणतो,
माझ्याकडं न बघता.
पहिल्या दिवशी मी कटती लावली नाही.
दुसऱ्या दिवशी मालक शेजारी खुर्ची टाकून बसले.
लावली.

मधे एकदा मुनाफ आला. केस तांबडे, बूट पांढरे.
पुण्यात म्हणे भिंतींना स्पंज लावलेली खोली असते,
दार लावलं की बाहेरचा हॉर्नसुद्धा मरतो.
"भारी आहे काका. पण सरकीचा वास नाही,
दोन ओळीत दम लागतो."
माझ्यावर केलेल्या ओळीचं तो काही बोलला नाही,
मीही नाही. चहा झाला.

जाताना काट्यावर चढला.
पन्नास.
"वाढलो!" म्हणून ओरडला,
वाकून आकड्याचा फोटो काढला, तिथंच कुठंतरी टाकला.
मी सांगितलं नाही
की शेहेचाळीसलाही हा काटा
पन्नासच दाखवतो.